डोळ्यातला तांदूळ

शैलाच्या डोळ्यात तो कण बसवायचा हट्ट मन्मथ शेट्यांचाच होता. पुढे जे झालं त्यात हीच गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त टोचत राहिली. त्यांना कुणी गळ घातली नव्हती, डॉक्टरांनीही आग्रह केला नव्हता. बहिणीचा खोटेपणा एकदाचा उघडा पडावा म्हणून ते स्वतः तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले होते.

मन्मथ शेटे बार्शीचे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. बाजारात ते आलेले दिसले की दुकानदार आधी आपला काटा पुसायला घेत. समोरचा काय सांगतो याकडे शेटे लक्षच देत नसत. पिशवीतून प्रमाणित वजन काढायचं, काट्यावर ठेवायचं आणि आकडा वाचायचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गावात त्यांना 'शेटे साहेब' म्हणत, आणि घरात कुणाचा वाद झाला तर निवाडा त्यांच्याकडे येई.

शैला त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. नवरा गेल्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची आणि ब्लाउज शिवायची. दोघा भावंडांना आईकडून एकच गोष्ट सारखी मिळाली होती, ती म्हणजे काचबिंदू.

हा आजार मोठा चोरपावलांनी येतो. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो आणि कडेच्या बारीक जाळीतून सतत वाहून जात असतो. ती जाळी तुंबायला लागली की द्रव साठतो, डोळ्यातला दाब वाढतो, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतले धागे एकेक करून मरू लागतात. असे दहा लाखांवर धागे असतात, त्यामुळे पहिले काही लाख गेले तरी माणसाला पत्ता लागत नाही. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडून कमी होत जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते. म्हणून शैला सुईत दोरा एका झटक्यात ओवायची आणि दाराच्या चौकटीला मात्र खांदा आपटायची. बघणाऱ्याला वाटे, ही सोंग करते.

गेलेले धागे परत येत नाहीत. राहिलेले वाचवायला थेंब असतात. काही थेंबांनी द्रव कमी तयार होतो, काहींनी तो वाहून जायची वाट मोकळी होते. टाकणाऱ्याला मात्र गुण आल्याचं कधीच जाणवत नाही. झोंबतं तेवढं जाणवतं.

शैलाला सकाळ-संध्याकाळ असे दोन वेळा टाकायचे थेंब होते, पहिल्या प्रकारचे. मन्मथना संध्याकाळी एकदाच, दुसऱ्या प्रकारचे. दर चार महिन्यांनी दोघं बरोबर तपासणीला जात. दोघांचाही दाब दर वेळी सोळा-सतरा यायचा, म्हणजे उत्तम. पण शैलाची नस दर वेळी आणखी खराब झालेली दिसायची.

सहा वर्षांपूर्वी, त्या वेळचे म्हातारे डॉक्टर तिचा कागद हातात धरून बुचकळ्यात पडले होते. "दाब एवढा छान आणि नस अशी का?" ते स्वतःशीच म्हणाले.

शेजारी बसलेले मन्मथ म्हणाले, "डॉक्टर, ही तपासणीच्या आधी चार दिवस टाकत असेल. म्हणजे आकडा बरोबर येतो."

"नाही हो," शैला म्हणाली. "मी रोज टाकते. एक दिवस चुकवत नाही."

"सगळे असंच सांगतात, बाई," डॉक्टर म्हणाले, आणि तिच्या कागदावर त्यांनी लिहिलं, औषध अनियमित, भावाच्या सांगण्यावरून. "आधी आहे ते नीट टाका. मग दुसरं द्यायचं का ते बघू."

मन्मथना ही युक्ती कशी सुचली, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून ते घरातलं ठरलेलं सत्य झालं. लातूरला एका भाच्याच्या साखरपुड्यात शैलाचा धक्का लागून पानसुपारीचं ताट खाली पडलं, तेव्हा मन्मथ चारचौघांत म्हणाले, "दोन थेंब टाकायचा कंटाळा. त्याचं फळ आहे हे." शैला वाकून सुपाऱ्या वेचत राहिली. तिची मुलगी केतकी सोलापूरला नोकरी करायची. तिला मुलगी झाली तेव्हा शैला सोलापूरला राहायला जाणार, नातीला सांभाळणार असं ठरलं होतं. केतकीनं मामाचा सल्ला विचारला. मामा म्हणाले, "जी स्वतःच्या डोळ्यांची काळजी घेत नाही आणि वर खोटं बोलते, तिच्यावर पोर सोपवू नको." केतकीनं मुलगी पाळणाघरात ठेवली. आईला ती रोज सकाळी आणि संध्याकाळी फोन करी आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर थेंब टाकायला लावी. शैला फोन डब्याला टेकवून ठेवायची, मान मागे करायची, थेंब टाकायची आणि म्हणायची, "दिसलं का बाई?" त्यावरही मन्मथ म्हणत, "थेंब डोळ्यात गेला की गालावर, ते फोनवर काय कळतं?"

२०३९ च्या जानेवारीत बार्शीत तो कण आला. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते आणि दवाखाना डॉक्टर नसरीन मुजावर यांनी घेतला होता. तांदळाच्या कणीहूनही बारीक असं हे यंत्र दहा मिनिटांत डोळ्याच्या आत बसवता येई. लोक त्याला तांदूळच म्हणू लागले. दर दहा मिनिटांनी तो डोळ्यातला दाब मोजून ठेवायचा. दिवसातून एकदा फोन डोळ्यासमोर धरला की साठलेले आकडे थेट दवाखान्यात जायचे. तीन महिन्यांनी संगणक त्यांचा आलेख काढायचा. थेंब पडला की काही तासांत दाबाची रेषा खाली वळते, म्हणून कोणत्या दिवशी थेंब पडला आणि कोणत्या दिवशी नाही, हेही त्या आलेखावरून कळे.

हे शेवटचं ऐकलं आणि मन्मथ दुसऱ्याच दिवशी शैलाच्या दारात उभे राहिले. केतकीही त्या दिवशी आलेली होती.

"आता काटाच बोलेल," ते म्हणाले.

शैला शिलाई यंत्रावरून उठली नाही. "बसवते की. पण अण्णा, तूही बसव. आजार दोघांना आहे."

केतकीसमोर नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर मुजावर यांनी दोघांना एकेका नातेवाईकाचं नाव द्यायला सांगितलं. अहवाल त्या माणसाच्या फोनवरही जाणार होता, म्हणजे घरातलं कुणीतरी लक्ष ठेवील. शैलानं भावाचं नाव दिलं, भावानं शैलाचं. डॉक्टर कणाची सगळी माहिती सांगत होत्या तेव्हा मन्मथ शैलाकडे बघत होते. ती घाबरली का, तिचा चेहरा पडला का, हेच त्यांना पाहायचं होतं. तोच कण आपल्याही डोळ्यात बसणार आहे, याचा त्यांनी फारसा विचारच केला नाही.

पहिले दहा दिवस त्यांनी थेंब टाकले. मग एका संध्याकाळी राहिले. थेंबांनी डोळे लाल व्हायचे, आणि कट्ट्यावर कुणीतरी हमखास विचारायचं, साहेब, डोळ्याला काय झालं. इतकी वर्षं त्यांनी असंच निभावलं होतं. तपासणीच्या आधी पाच-सहा दिवस टाकायचे, आकडा सोळा यायचा, डॉक्टर पाठ थोपटायचे. त्यात आपण कुणाला फसवतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. आपली तब्येत मुळात चांगली आहे असं वाटायचं. एप्रिल आला तशी त्यांनी बाटली पुन्हा कपाटातून काढली.

अहवालाच्या दिवशी डॉक्टर मुजावर यांनी आधी दोघांना समोर बसवून शैलाचा आलेख लावला.

"मावशी, तीन महिन्यांत एकशे ऐंशी वेळा थेंब टाकायचे होते. तुम्ही एकशे एकोणऐंशी वेळा टाकलेत."

"एक कुठला राहिला?" शैलानं विचारलं.

"बारा मार्च, संध्याकाळ."

"हां. बाटली संपली होती आणि दुकान बंद होतं. सकाळी पहिलं गिऱ्हाईक मीच होते."

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. दिवसभर रेषा सोळाच्या आसपास सपाट होती. माणूस झोपतो तिथून ती चढायला लागे आणि पहाटे अठ्ठावीसपर्यंत जाई. रोज. नव्वद दिवस, नव्वद डोंगर.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचे थेंब द्रव कमी तयार करणारे आहेत. झोपेत तो मुळातच कमी तयार होतो, त्यामुळे या औषधाला रात्री करायला काही उरत नाही. आडवं झाल्यावर दाब मात्र वाढतो. काही लोकांचा थोडा वाढतो, तुमचा खूप. दवाखान्यात आपण मोजायचो दिवसा अकरा वाजता. तेव्हा सगळं ठीक दिसायचं. नस मरत होती रात्री." त्यांनी जुन्या कागदांवरून नजर फिरवली. "इथे औषध अनियमित असं लिहिलंय, म्हणून दुसरं औषध दिलंच गेलं नाही. ते सहा वर्षांपूर्वी दिलं असतं तर…" त्या थांबल्या. "आता देते. काकांना चालू आहे तेच."

मन्मथनी पडद्यावरून नजर काढून घेतली. शैलाला हवं होतं ते औषध त्यांच्या कपाटात होतं. सहा वर्षं दर महिन्याला नवी बाटली यायची आणि बहुतेक वेळा भरलेलीच फेकली जायची.

"उजव्या डोळ्यात आता नळीतून बघावं तेवढंच उरलंय ना?" शैलानं शांतपणे विचारलं. "ते वाचेल?"

"ते वाचवायचंच."

"आणि गेलं ते?"

"गेलेलं परत येत नाही, मावशी."

शैलानं मान डोलावली. नर्स तिला दुसऱ्या तपासणीला घेऊन गेली तेव्हा डॉक्टरांनी मन्मथांचा आलेख लावला. त्या मोठ्यानं काही बोलल्या नाहीत. नव्वदपैकी एकतीस, एवढं पडद्यावर लिहिलेलंच होतं. सुरुवातीला दहा दिवस रेषा खाली, शेवटी सहा दिवस खाली, मधे कुठे कुठे एखादा दिवस.

"काका, तुमची नस चिवट आहे म्हणून इतकी वर्षं निभावलं," त्या म्हणाल्या. "पण डावीकडे ती पातळ झालीये. पायरी चुकते का कधी?"

चुकत होती. त्यांनी चपलेला दोष दिला होता.

"ती अनियमितपणाची शंका," डॉक्टरांनी कागद बंद करत विचारलं, "मुळात कुणाला आली होती, काही आठवतं?"

"नाही," मन्मथ म्हणाले.

शैला बाहेर बाकावर कानात फोनचं ऐकायचं बटण घालून बसली होती. त्यांना पाहून तिनं ते काढलं. रिक्षानं तिच्या घरी आल्यावर तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "अण्णा, तुझं काय आलं?"

"ठीक आहे."

"माझ्या फोनवर तुझा कागद आला असेल. वाच की जरा."

तिनं फोन पुढे केला. मन्मथनी तो घेतला. पडद्यावर त्यांचं नाव होतं आणि खाली आकडा. आत्ता सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं. ते इतकं सोपं होतं. पण तीस वर्षं लोकांसमोर आकडे वाचणारा त्यांचा आवाज आपोआप निघाला.

"नव्वदपैकी शहाऐंशी."

"बरं," शैला म्हणाली.

फोन परत देताना त्यांचा अंगठा पडद्यावर कुठेतरी लागला असावा. फोन बोलला, "मन्मथ शेटे यांचा अहवाल पुन्हा ऐकायचा आहे का?"

पुन्हा.

पंखा फिरत होता. शैलानं हात पुढे केला, फोन चाचपून घेतला आणि बंद केला. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिनं कुणाच्यातरी ब्लाउजचं कापड मांडीवर ओढलं आणि त्याची बाही उलटीसुलटी करून पाहू लागली. मन्मथ उठले. उंबऱ्यावर त्यांचा डावा पाय अडखळला. शैलानं तो आवाज नक्की ऐकला, पण वर पाहिलं नाही.

पुढचे चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. कट्ट्यावरून निरोप आला तर कणकण आहे म्हणून सांगितलं. साखरपुड्यातलं ताट, वाकलेली शैला, तिनं वेचलेल्या सुपाऱ्या त्यांना जेवताना आठवत, दाढी करताना आठवत. शंका कुणाला आली होती, या डॉक्टरांच्या प्रश्नाला आपण दिलेलं उत्तरही आठवे. एका दिवसात दोन वेळा ते खोटं बोलले होते, आणि दोन्ही वेळा समोरच्या बाईला खरं माहीत होतं.

पाचव्या दिवशी केतकीचा फोन आला.

"मामा, अहवालाचं काय झालं? आई काही सांगतच नाही. म्हणते, मामाला विचार."

मन्मथना कळलं. शैलानं काही सांगितलं नव्हतं, स्वतःचा एकशे एकोणऐंशीचा आकडासुद्धा नाही. सांगायचं काम तिनं त्यांच्यावर सोडलं होतं. वाटलं तर आत्ताही त्यांना फक्त आईचा आकडा सांगून सुटता आलं असतं. चूक जुन्या डॉक्टरांची, असं म्हणता आलं असतं, आणि शैला त्यालाही 'बरं'च म्हणाली असती.

"मी येतो सोलापूरला," ते म्हणाले. "फोनवर नको."

सकाळच्या एसटीनं ते गेले. केतकीनं पोहे केले होते. त्यांनी बशीला हात लावला नाही, आधी सांगून टाकलं. आईनं एक वेळ सोडता एकही थेंब चुकवला नाही. तिचा दाब रात्री चढायचा. दुसऱ्या औषधानं तो उतरला असता. ते औषध मिळालं नाही, कारण डॉक्टरांना ती टाकत नाही असं सांगणारा माणूस मी होतो. आणि मला ते सुचलं, कारण मी स्वतः तसं करत होतो. माझे नव्वदपैकी एकतीस.

केतकीनं पोह्यांची बशी बाजूला सारली. आतल्या खोलीत तिची मुलगी कागद फाडत बसली होती.

"मी तिला रोज फोनसमोर टाकायला लावायचे," केतकी म्हणाली. "दोन्ही वेळा. एकदा कॅमेऱ्यात नीट दिसलं नाही म्हणून परत टाकायला लावलं."

"मी सांगितलं म्हणून तू…"

"हो. पण लावलं मी." तिनं डोळे पुसले नाहीत. "मामा, तुम्ही आता जा. मला आईला फोन करायचाय, आणि तुम्ही इथे बसलेले असताना मला तो करता येणार नाही."

ते गेले. साखरपुड्याला होते त्या सगळ्यांना त्यांनी परतीच्या एसटीत बसून फोन केले, एकेकाला. बहुतेकांना ते ताट आठवतही नव्हतं. "असू दे हो साहेब, कशाला एवढं," असं लोक म्हणत, आणि मन्मथ म्हणत, "असू दे नाही. ऐकून घ्या." शेवटच्या दोघांना सांगताना एसटीतला शेजारचा माणूस तोंड वळवून खिडकीबाहेर पाहू लागला.

शैलाकडे जायला मात्र त्यांना आणखी तीन आठवडे लागले. दोनदा ते गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. केतकीकडून कळत होतं ते कळत होतं. नव्या थेंबांनी शैलाची पहाटेची रेषा अठरावर आली होती. जूनमध्ये ती सोलापूरला जाणार होती, नातीला सांभाळायला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, उरलेली नजर आता बरीच वर्षं टिकेल.

ते गेले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. दार उघडंच होतं. शैला खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"ये," ती म्हणाली. त्यांच्या पावलांवरूनच तिनं ओळखलं असावं.

मन्मथ समोरच्या खुर्चीत बसले. माफीची वाक्यं त्यांनी घरून ठरवून आणली होती. पहिलं अर्धं बोलून झालं आणि शैलानं हातातली शेंग खाली ठेवली.

"केतकीनं सांगितलं सगळं. लातूरच्या वहिनींचाही फोन आला होता. ते राहू दे. मला एकच सांग, अण्णा. त्या दिवशी डॉक्टरांपुढे बोललास तेव्हा तुला खरंच वाटत होतं का, मी खोटं बोलते?"

नाही म्हणणं बरं दिसलं असतं. रागाच्या भरात बोललो म्हणणं त्याहून बरं. मन्मथनी दोन्ही उत्तरं मनात धरून पाहिली.

"वाटत होतं," ते म्हणाले. "मी टाकत नव्हतो आणि टाकतो म्हणून सांगत होतो. दुसरं कुणी खरोखर रोज टाकत असेल, हे मला पटतच नव्हतं. तू म्हणालीस की रोज टाकते, तेव्हा मला वाटलं, ही माझ्यापेक्षा पक्की निघाली. न अडखळता बोलते."

शैलानं शेंगांची टरफलं एका बाजूला सारली, दाणे दुसऱ्या बाजूला. एक दाणा खाटेवरून खाली घरंगळला. मन्मथ उचलायला वाकले नाहीत. तिला तसं उचलून दिलेलं आवडत नसे, एवढं त्यांना आता कळत होतं.

"सहा वर्षं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"माझी एक बाजू गेली त्यात."

"हो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शैलानं पदरानं हात पुसले.

"तुझी वेळ झाली ना थेंबांची?"

"झाली."

"आणलेस?"

मन्मथनी खिशातून बाटली काढली. आता ते रोज टाकत होते, पण कुणासमोर कधी टाकले नव्हते. त्यांनी मान मागे केली, खालची पापणी ओढली आणि बाटली दाबली. थेंब पापणीच्या कडेला लागून गालावरून ओघळला. त्यांनी शैलाकडे पाहिलं. ती त्यांच्या दिशेनं तोंड करून बसली होती, पण संध्याकाळच्या उजेडात तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, थेंब तर नाहीच.

"पडला?" तिनं विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "गालावर गेला."

"मग परत टाक."

त्यांनी पुन्हा मान मागे केली.